तीन ग्रुप, एक आठवडा: नव्या ट्रायथलीटने कोच आणि सराव-ग्रुप कसे शोधावेत

पहिल्या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक) नाव नोंदवलं की बहुतेक जण आधी ‘ट्रायथलॉन क्लब’ शोधायला लागतात. तसा क्लब जवळ असेल तर प्रश्नच मिटला. पण बऱ्याच ठिकाणी तो नसतो. असलाच तर दहा-बारा जणांचा असतो, सगळे फुल डिस्टन्सच्या, म्हणजे सगळ्यात लांब रेसच्या, तयारीत गुंतलेले, आणि नवख्याला कुठे सामावून घ्यायचं हे त्यांनाही उमगलेलं नसतं. त्यावाचून काही अडत नाही. पोहणारे, सायकलवाले आणि धावणारे असे तीन वेगवेगळे ग्रुप थोडं शोधलं की सापडतात, आणि पहिल्या वर्षाला तेवढे पुरतात.

गोची पुढे होते. या तीन ग्रुपांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मंगळवारी रनिंगवाले इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात धावण्याचे तुकडे, लावतात, बुधवारी पूलवर स्प्रिंटचे सेट, शनिवारी सायकलवाल्यांची चढावरची चुरस, रविवारी पुन्हा लाँग रन. ज्याचा त्याचा कार्यक्रम आपापल्या जागी बरोबर असतो. चारही एकाच माणसाच्या पायांवर पडले की महिन्याभरात नडगी दुखायला लागते किंवा पोटरी धरते. म्हणून ग्रुप शोधणं हे निम्मं काम. त्या ग्रुपांमधून आपला आठवडा वाचवणं हे उरलेलं निम्मं, आणि ते दुसरं कुणी करून देत नाही.

फोन करण्याआधी

कुणालाही विचारायच्या आधी स्वतःबद्दल चार गोष्टी लिहून काढा: रेसचं अंतर, तारखेला किती आठवडे उरलेत, आज काय जमतं आणि आठवड्याला खरोखर किती तास मिळतात.

अंतरं अशी. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक किंवा स्टँडर्डमध्ये बरोबर दुप्पट: १.५, ४० आणि १०. हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१. फुल म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२. पहिली रेस स्प्रिंटच असावी असं आमचं स्पष्ट मत आहे. तिच्यासाठी आठवड्याला ४ ते ६ तास पुरतात. ऑलिंपिकला ६ ते ८ धरा. हाफला ८ ते १२ लागतात आणि तिथे घर-नोकरीची गणितं बदलतात.

‘आज काय जमतं’ हे आकड्यांत लिहा. पूलमध्ये न थांबता किती मीटर, कोणत्या स्ट्रोकने. सपाट रस्त्यावर एकट्याने २० किलोमीटर सायकलला किती वेळ. बोलता येईल इतक्या वेगात ५ किलोमीटर धावायला किती वेळ. ‘बऱ्यापैकी पोहता येतं’ या वाक्यावरून कोणत्याही कोचला काही कळत नाही. ‘१०० मीटरनंतर दम लागतो’ यावरून लगेच कळतं.

श्रम केल्यावर छातीत दुखणं, चक्कर, धडधड, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, किंवा बरीच वर्षं व्यायामच नाही, यातलं काही लागू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. चांगला कोच हे पहिल्याच भेटीत विचारतो. विचारलं नाही तर त्याचीही नोंद घ्या.

कुठे शोधायचं

सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी जागा म्हणजे जवळच्या रेसचे जुने निकाल. टायमिंग करणाऱ्या कंपन्या निकाल ऑनलाइन ठेवतात आणि बऱ्याचदा नावापुढे क्लबचा रकाना असतो. गेल्या दोन-तीन वर्षांचे निकाल उघडा आणि कोणत्या क्लबचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते पाहा. पहिल्या दहांत कोण आहे यापेक्षा मधल्या आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात कोणत्या क्लबचे लोक आहेत ते बघा. सामान्य वेगाची बरीच माणसं दरवर्षी एकाच क्लबकडून उतरत असतील, तर तिथे नवख्यांना सांभाळतात असं समजायला हरकत नाही.

दुसरा मार्ग, एखाद्या रेसला स्वयंसेवक म्हणून जा, आणि शक्यतो ट्रान्झिशन एरियात, म्हणजे पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडे जिथे बदल होतो तिथे, काम मागून घ्या. सायकली लावायला, परत न्यायला सगळे तिथेच येतात. कोण कुणाशी बोलतं, कोणता कोच शेवटच्या माणसासाठी थांबतो, हे दोन तासांत दिसतं. शिवाय ट्रान्झिशन म्हणजे काय हे फुकटात शिकायला मिळतं.

याखेरीज देशाच्या ट्रायथलॉन महासंघाच्या संकेतस्थळावर बहुधा संलग्न क्लबांची यादी असते. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर जवळच्या रस्त्यांचे सेगमेंट (वेळ नोंदवले जाणारे ठरावीक तुकडे) उघडले की तिथे रोज कोण जातं ते कळतं आणि त्यांचे क्लबही सापडतात. सायकल दुरुस्त करणाऱ्याला शनिवार-रविवारच्या राइड्सची खबर हमखास असते. पूलच्या ऑफिसात ‘प्रौढांची बॅच’ किंवा ‘मास्टर्स’ असं विचारा. नुसतं ‘पोहण्याचा क्लास’ म्हटलं तर मुलांच्या शिबिराचा फॉर्म हातात येतो.

मेसेज कसा लिहावा याचा एक नमुना:

‘नमस्कार सर, ट्रायथलॉनची तयारी नव्याने सुरू करतोय. १८ आठवड्यांनी स्प्रिंट रेस आहे. फ्रीस्टाइल सलग १०० मीटर जमते, मग दम लागतो. ब्रेस्टस्ट्रोकने ४०० मीटर जमतं. आठवड्यात दोन दिवस सकाळी ७ च्या आधी येऊ शकेन. प्रौढांची बॅच आहे का, आणि एका लेनमध्ये साधारण किती जण असतात? एकदा येऊन काठावरून बघितलं तर चालेल का?’

यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. बघायला येऊ देत नाही अशा ठिकाणी पैसे भरायची घाई नको. आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा, पोहायला शिकवणाऱ्या माणसाचा मोबाइल दिवसातले बरेच तास लॉकरमध्ये असतो.

पहिला पैसा पोहण्यावर

खर्च एकाच ठिकाणी करता येणार असेल तर तो पोहण्याच्या कोचवर करा. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण स्प्रिंटमध्ये एकूण वेळेचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्यात जातो आणि जवळपास निम्मा सायकलवर. पण सायकल आणि धावणं नुसत्या सातत्याने बरंच सुधारतं. पोहणं तसं सुधारत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. शरीर तिरकं असेल तर वाढवलेली ताकद पाणी ढकलण्यातच जाते. त्यात आपण पाण्यात कसे दिसतो हे आपल्याला दिसत नाही. चुकीचा स्ट्रोक महिनाभर घोटला तर तोच पक्का होतो.

चांगल्या कोचचा पहिला तास साधारण असा जातो. तो तुम्हाला १०० किंवा २०० मीटर सहज पोहायला सांगतो आणि काही न बोलता काठाने बरोबर चालतो. मग पुढून बघतो, मग बाजूने मोबाइलवर चित्रण करतो. नवख्याचं चित्र बहुधा ठरलेलं असतं: नजर समोर, त्यामुळे डोकं वर, त्यामुळे कंबर आणि पाय खाली. श्वास घेताना पुढचा हात पाण्याला दाबत खाली जातो. आणि बहुतेक वेळा पाण्याखाली श्वास सोडलेलाच नसतो. तोंड बाहेर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही त्या अर्ध्या सेकंदात. १०० मीटरनंतर दम लागण्याचं कारण इथे असतं, स्टॅमिन्यात नव्हे. जाणकार कोच यातली एकच गोष्ट निवडतो, बहुधा श्वास सोडणं, आणि उरलेला तास तेवढ्यावरच घालवतो. पहिल्याच दिवशी सहा चुका सांगणाऱ्याला चुका दिसतात, पण क्रम कळत नाही.

सलग २०० मीटर फ्रीस्टाइल येत नसेल तर ६ ते ८ वैयक्तिक किंवा दोघा-तिघांचे क्लास घ्या आणि मग मास्टर्स ग्रुपमध्ये जा. सरळ ग्रुपमध्ये शिरलात तर लेन चालू ठेवण्याच्या नादात जुन्याच सवयीने हात मारत राहाल. ग्रुपमध्ये जाताना तीन प्रश्न विचारा. सगळ्यात हळू लेन १०० मीटरला किती वेळ घेते? कोच सेट फळ्यावर लिहून निघून जातो की काठावर असतो? सेटमध्ये किती भाग तंत्राचा असतो?

लेनचे नियम कुणी सांगत नाही आणि चुकले की कपाळाला आठ्या मात्र पडतात. लेनच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं. बाजू कोणती हे आधी विचारून घ्यावं. पुढच्याच्या मागून ५ ते १० सेकंदांनी निघायचं. पुढे जायचं असेल तर त्याच्या पायाला एकदा हलका स्पर्श, आणि तो भिंतीला थांबला की पुढे. थांबायचं असेल तर कोपऱ्यात सरकून, भिंतीचा मधला भाग मोकळा ठेवून.

सलग ४०० मीटर जमू लागले की कोचला सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड) टेस्ट घ्यायला सांगा, किंवा स्वतः घ्या. आधी ४०० मीटर जोरात, नंतर ५ ते १० मिनिटं हलकं पोहून २०० मीटर जोरात. ४०० च्या वेळेतून २०० ची वेळ वजा करा आणि दोनाने भागा. समजा ४०० मीटरला ९ मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० मीटरला ४ मिनिटं ३० सेकंद. फरक ३१० सेकंद, निम्मे १५५. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ३५ सेकंद हा तुमचा टिकणारा वेग. हा आकडा सांगितला की कोणताही कोच योग्य लेनमध्ये टाकतो. ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट घ्या. आकडा हललाच नसेल तर बोलायची वेळ आली.

उघडं पाणी: इथे सोबत सक्तीची

ट्रायथलॉनमध्ये होणारे बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. त्यामुळे तलाव, नदी किंवा समुद्रात एकट्याने सराव नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. ग्रुपने मात्र सोबतीशिवाय आणखी काही द्यायला हवं: पाण्यात कयाक किंवा बोटीवर बचावाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, उतरताना आणि बाहेर येताना मोजणी, प्रत्येकाच्या डोक्यावर भडक टोपी आणि कमरेला रंगीत फ्लोट. आणि वादळ, प्रवाह किंवा थंडी असेल तर सराव रद्द करायचा अधिकार कुणा एकाकडे असावा. ‘आपण सगळे एकमेकांकडे लक्ष देतो’ असं उत्तर आलं तर काठावरच राहा. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यात असतं, तो कुणाकडेही लक्ष देत नसतो.

पहिल्या दिवशी अंतराचा नाद सोडा. पाण्यात उतरून २-३ मिनिटं नुसतं तरंगा, चेहरा बुडवून श्वास सोडा. थंड पाण्यात पडल्या पडल्या श्वास आपोआप जलद होतो, आणि तो शांत होण्याआधी जोरात सुटणं हेच घाबरण्याचं मुख्य कारण ठरतं. मग काठाला समांतर ५० मीटर जा आणि परत या. समोरची खूण बघायला दर ६ ते १० हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढायचे, पूर्ण डोकं नाही. रेसआधी असे किमान चार-पाच सराव ग्रुपसोबत व्हावेत. त्यातला एक तरी अंगाला अंग लागेल अशा गर्दीत, सगळे एकदम सुटून.

सायकल ग्रुप

इथे जाहिरातीतल्या दोन शब्दांवर लक्ष ठेवा. ‘नो-ड्रॉप’ राइड म्हणजे मागे राहिलेल्यासाठी ठरावीक ठिकाणी थांबतात. ‘ड्रॉप’ राइडमध्ये सुटलात की घरचा रस्ता स्वतः शोधायचा. नो-ड्रॉप म्हणवणाऱ्या ग्रुपलाही विचारा: कुठे कुठे थांबता आणि सगळ्यात मागे ठरलेला माणूस असतो का? मागच्या माणसाचं नाव चटकन सांगता आलं नाही तर तो ग्रुप कागदावरच नो-ड्रॉप.

सरासरी वेगाचा आकडाही फसवा असतो. ताशी २८ किलोमीटरची सरासरी म्हणजे वळणं, चौक, चढ धरून २८, सपाटीवर तेच लोक ३३-३४ ला असतात. शिवाय दुसऱ्याच्या मागे चिकटून गेलं की वेगानुसार पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून एकट्याने २५ जमत असेल तर २५-२६ वाल्या ग्रुपपासून सुरुवात करा. नेमकी हीच बाब ट्रायथलीटला नंतर नडते. हौशी स्पर्धकांच्या बहुतेक रेसमध्ये असं मागे चिकटून जाण्याला, म्हणजे ड्राफ्टिंगला, बंदी असते, पुढच्या सायकलपासून नियमाप्रमाणे १० किंवा १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. फक्त ग्रुपमध्येच सायकल चालवलेला माणूस रेसमध्ये पहिल्यांदा वाऱ्याला एकटा तोंड देतो आणि धावायला पाय उरत नाहीत. आठवड्यातली एक राइड ग्रुपची आणि एक एकट्याची, हा हिशेब मोडू नका.

ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त पडझड होते ती चाकाशी चाक अडकून. तुमचं पुढचं चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला गेलं आणि तो खड्डा चुकवायला सहा इंच सरकला, की पडता तुम्ही, तो नाही. थेट मागे राहा. सुरुवातीला एक सायकलभर अंतर ठेवा आणि नजर त्याच्या चाकावर न लावता खांद्यावरून पुढे टाका. अचानक ब्रेक नको, पॅडल मारणं थांबवूनच बरंचसं अंतर जुळवता येतं. एरोबार (पुढे वाकून हात टेकवायचे जादा दांडे) असतील तर घोळक्यात त्यांना हात लावायचा नाही, कारण तिथून बोटं ब्रेकपर्यंत पोचायला वेळ जातो. काही ग्रुप एरोबार लावलेली सायकलच घेत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

निघताना जवळ हवं: हेल्मेट, आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, पाणी, पुढचा-मागचा दिवा. पंक्चर काढायचा सराव घरी करून जा. ग्रुप थांबेल, पण वीस जणांसमोर पहिल्यांदा मागचं चाक काढणं सुखाचं नसतं.

ऑडॅक्स म्हणजे ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्या मंडळींकडेही जरूर डोकवा. त्यांचं सगळ्यात छोटं ब्रेव्हे २०० किलोमीटरचं, मुदत साडेतेरा तास. स्प्रिंटला त्याची गरज नाही, पण शांत वेगाने चालवणं, रस्ते आणि दुरुस्ती या तिन्हींत त्यांच्याइतके पक्के लोक कमी.

धावण्याचा ग्रुप

हे सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच इथे सगळ्यात जास्त दुखापती होतात. रनिंग ग्रुप शोधताना एवढंच पाहा की त्यांच्याकडे पेसप्रमाणे वेगळे गट आहेत का, आणि सहज धावण्याच्या दिवशी लोक खरोखर गप्पा मारत धावतात का. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तो सहज दिवस नव्हे. ज्या देशांत पार्करन चालतं तिथे दर आठवड्याचं ५ किलोमीटर विनाशुल्क मिळतं. मात्र दर आठवड्याला तिथे स्वतःचा विक्रम मोडायला गेलात तर तो आणखी एक हार्ड दिवस झाला.

सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, त्यासाठी वेगळा ग्रुप शोधू नका. सायकल ग्रुपमधला एखादा धावणारा पकडा, सायकली सुरक्षित ठेवा आणि १०-१५ मिनिटं सावकाश पळा. पहिली पाच मिनिटं पाय आपले वाटत नाहीत, तेवढीच ओळख व्हायची असते. ट्रान्झिशनचा सरावही त्याच वेळी उरकता येतो: हेल्मेटचा पट्टा बंद केल्यावरच सायकल स्टँडवरून काढायची आणि सायकल परत लावल्यावरच पट्टा सोडायचा. रेसमध्ये यात चूक झाली तर दंड बसतो.

ट्रायथलॉन कोच हवा का?

पहिल्या स्प्रिंटला बहुतेकांना नको. पोहण्याचा कोच, दोन ग्रुप आणि एक साधा तयार प्लॅन यांवर काम होतं. हाफ ठरवलंत, जुनी दुखापत असेल, किंवा कामाच्या पाळ्या सतत बदलत असतील तर मात्र आठवडा जुळवून देणारा माणूस लागतो. ‘कोचिंग’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात: सगळ्यांना एकच प्लॅन आणि चर्चेचा ग्रुप, तुमच्यासाठी महिन्याला एकदा लिहिलेला प्लॅन, आणि दर आठवड्याला तुमचा डेटा बघून बदलला जाणारा प्लॅन. शुल्कही त्याच क्रमाने चढतं. पहिल्या वस्तूला तिसऱ्याचा दर लावलेला नाही ना, एवढं तपासा.

प्रमाणपत्र विचारायला संकोच नको. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेचे कोचसाठी लेव्हल १, २, ३ असे टप्पे आहेत, आयर्नमॅनचाही स्वतःचा कोर्स आहे, आणि काही राष्ट्रीय महासंघांचे वेगळे असतात. प्रमाणपत्र म्हणजे किमान पात्रता, हमी नाही. कोचचे स्वतःचे पोडियम तर त्याहून कमी सांगतात. वेगवान माणसाला हळू माणसाचा आठवडा कळतोच असं नाही. त्यापेक्षा हे विचारा: सध्या किती जणांना शिकवता? त्यातले किती जण पहिल्यांदा रेस करतायत? मी आठवडाभर आजारी पडलो तर प्लॅनचं काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर असं असतं: बुडालेले व्यायाम भरून काढायचे नाहीत, परत आल्यावर दोन-तीन दिवस हलकं, मग पुढे. ‘पुढच्या आठवड्यात कव्हर करू’ हे वाईट उत्तर. मग त्याच्याकडचे दोन नवखे विद्यार्थी आणि सोडून गेलेला एक, यांच्याशी बोलायला मागा. सोडून गेलेल्याचा नंबर देणारा कोच विरळा, पण देतो तो बहुधा चांगला असतो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मागे फिरा. पहिल्याच वर्षी फुलसाठी आग्रह. वर्षाचं शुल्क एकरकमी आणि परत नाही. दोन विद्यार्थ्यांचे प्लॅन शेजारी ठेवले तर आकड्यांसकट सारखे. दुखत असताना ‘सहन करायला शीक’. सगळ्यांसमोर वजनावर शेरे. आणि कोचच सप्लिमेंट विकत असेल तर विशेष जपून: डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार जबाबदारी खेळाडूची असते, विकणाऱ्याची नव्हे. हौशी स्पर्धकांचीही चाचणी होऊ शकते.

तीन ग्रुप, एक आठवडा

सहा तासांचा आठवडा असा बसतो. सोमवार सुट्टी. मंगळवारी रनिंग ग्रुपसोबत ४० मिनिटं सहज. बुधवारी कोचसोबत एक तास पोहणं. गुरुवारी एकट्याने एक तास सायकल, त्यात ४ मिनिटांचे चार जोरकस तुकडे. शुक्रवारी ४५ मिनिटं पोहणं, नुसतं तंत्र. शनिवारी दोन तास ग्रुप राइड, एक आठवडाआड शेवटी १०-१५ मिनिटांचं ब्रिक. रविवारी ५० मिनिटं सहज धावणं. ब्रिक सोडून एकूण सव्वासहा तास.

यात हार्ड दिवस दोनच आहेत: गुरुवारचे तुकडे आणि शनिवारची राइड. पहिले आठ आठवडे दोनच ठेवा. रनिंग ग्रुपचा मंगळवारचा इंटरव्हल मोहात पाडेल. तो करायचाच असेल तर गुरुवारचे तुकडे काढून टाका. वाढवायचं नाही, अदलाबदल करायची. दर चौथ्या आठवड्याला एकूण वेळ साधारण दोन तृतीयांशावर आणा आणि तिन्ही ग्रुपना आधी सांगून ठेवा. ‘आज मी मागच्या गटात, शनिवारी मोठी राइड आहे’ एवढं वाक्य बास. दोन-तीनदा ऐकलं की लोक स्वतःहून विचारायला लागतात.

आठवडा बिघडत चाललाय हे आधी सकाळी कळतं. अंथरुणातली नाडी नेहमीपेक्षा ७-८ ठोके वर, झोप तुटक, सहज धावण्याचा वेग नेहमीचाच पण धाप जास्त. यातलं काही सलग दोन-तीन दिवस दिसलं तर पुढचा ग्रुप सेशन टाळा. पोहणं शक्यतो टाळू नका, त्याने पायांवर मार बसत नाही.

नवीन ग्रुपला चार आठवडे द्या. पहिली खेप काहीच सांगत नाही, सगळेच अनोळखी असतात. चार आठवड्यांनी बघा: नाव माहीत असलेली तीन माणसं झाली का, दुखापतीबद्दल कुणी विचारतं का, वेळेवर सुरू होतं का, आणि आकड्यांत काही हललं का. नसेल जमत तर ग्रुपच्या लीडरला दोन ओळींचा मेसेज टाकून बाहेर पडा, याच लोकांशी पुढे रेसला गाठ पडायची असते. पैसे भरलेला कोच सोडताना करारातली नोटीस द्या, आतापर्यंतच्या टेस्टचे आकडे आणि प्लॅन फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि ट्रेनिंग अॅप व घड्याळाच्या खात्यावरचा त्याचा प्रवेश बंद करा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात.